ही ढाल परत घ्या

विहाराचे वंदनीय भन्तेजी, आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपले गावप्रमुख श्री. थोंगदामभाऊ, एवढं ऊन अंगावर घेऊन जिल्ह्याहून आलेले आरोग्य अधिकारी श्री. वुत्थिचायसाहेब, व्यासपीठावर बसलेले आणि खुर्ची न मिळाल्यामुळे खांबाला टेकून उभे असलेले सर्व मान्यवर, माझ्या दवाखान्यातल्या मुली, आणि बान नोंग काएनच्या माझ्या मायबाप मंडळींनो,

माझ्या मनगटावर आज तुम्ही आशीर्वादाचे एवढे पांढरे दोरे बांधलेत, की घड्याळ झाकून गेलंय. मी किती वेळ बोलतेय ते मला कळणार नाही, आणि त्याचा दोष तुमचाच. दोरा बांधताना प्रत्येकाने काही ना काही म्हटलं. कुणी म्हणालं, सुखात राहा. कुणी म्हणालं, आता पाय पसरून बसा. एक आजी म्हणाल्या, "बाई, आता तरी आमच्या ताटात डोकावू नका." हसा, हसा. मलाही हसू आलं होतं.

निरोपाच्या भाषणात माणसाने काय बोलावं? चार आठवणी सांगाव्यात, वरिष्ठांचे आभार मानावेत, डोळे पुसावेत आणि लोकांना जेवायला मोकळं करावं. मीही तसंच भाषण तयार केलं होतं. पण मघाशी साहेबांनी ही ढाल माझ्या हातात दिली, टाळ्या वाजल्या, फोटोवाल्याने हसायला सांगितलं आणि मी हसले. साहेब, त्या हसण्याची मला लाज वाटतेय. ढालीवर सोनेरी अक्षरांत लिहिलंय, 'यकृत-जंतमुक्त गाव'. सलग चार वर्षं आपल्या गावच्या एकाही डबीत जंताचं अंडं सापडलं नाही, असा त्याचा अर्थ. तो अर्थ खोटा आहे.

थोंगदामभाऊ, माइककडे हात नेऊ नका. काल संध्याकाळी तुम्ही स्वतः आमच्या ओट्यावर बसून म्हणालात, "बाई, मला हे सांगायला तोंड नाही. तुम्हीच सांगून टाका." म्हणून सांगतेय. साहेब, तुमचा चहा निवतोय, घ्या. हे थोडं लांबेल.

आता डबीबद्दल. गावाला नवीन नाही, पण बाहेरची पाहुणे मंडळी बसली आहेत. दरवर्षी भाताची कापणी झाली की आमच्या मुली घरोघर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या वाटतात. प्रत्येक डबीवर एकेकाचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरून दवाखान्यात आणायची. काय भरायचं, ते भन्तेजींसमोर मी उच्चारत नाही. तशी भन्तेजींनाही डबी जातेच. मग आम्ही काचेखाली, कच्च्या माशातून पोटात जाणाऱ्या जंताची अंडी शोधतो. ज्याच्या डबीत अंडी सापडतात, त्याला गोळ्या मिळतात आणि पोटाच्या सोनोग्राफीला तालुक्याला पाठवलं जातं. ज्याच्या डबीत नाहीत, त्याला काहीच नाही. त्याला आम्ही म्हणतो, "शाबास, असेच राहा." एवढी एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिथेच अडलंय.

पाचेक वर्षांपूर्वी आपल्या गावचा निकाल जिल्ह्यात सगळ्यांत वाईट आला होता. वुत्थिचायसाहेब तेव्हा इथे नव्हते. त्यांच्या आधीच्या साहेबांनी मला भर बैठकीत उभं केलं. म्हणाले, "नर्सबाई, तुमच्या स्वतःच्या नवऱ्याच्या डबीत अंडी निघाली. घरात चूल पेटते की नाही?" सगळे हसले. दोन-अडीचशे माणसं होती. मी उभी होते आणि बसायला कुणी सांगत नव्हतं.

परतताना थोंगदामभाऊंच्या गाडीत पुढे बसले होते. ओढणी तोंडाला लावून रडले. मला वाटलं, भाऊ रस्त्याकडे बघून गाडी चालवताहेत. रस्त्याकडे कसले, त्यांनी सगळं बघितलं आणि गावभर सांगितलं. कौतुकाने नाही हो, हळहळून सांगितलं.

घरी गेल्यावर मी आमच्या ह्यांना ताट वाढलं आणि आत जाऊन पडले. हे दाराशी आले आणि म्हणाले, "आजपासून कच्च्या माशाला शिवलो तर तुझ्या आईची शपथ." सासूची शपथ घेताना पुरुषांची जीभ फार सैल सुटते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांनी गोळ्या घेतल्या, दोन दिवस डोकं धरून बसले आणि बरे झाले. पुढच्या वर्षी त्यांची डबी स्वच्छ. तुमच्याही स्वच्छ. मला काय वाटलं असेल सांगा बरं? मला वाटलं, माझ्या बोलण्याला अखेर फळ आलं! विहाराच्या भोंग्यावरून मी घसा फोडून सांगत होते, की लिंबू पिळलं म्हणून मासा शिजत नाही, तो नुसता पांढरा पडतो. की दारू वरून ओतली म्हणून आतला किडा मरत नाही, झालंच तर तुम्ही झिंगता. वाटलं, लोकांना पटलं. चार वर्षं मी ताठ मानेने जिल्ह्याला गेले. दुसऱ्या गावच्या नर्सबायकांना शहाणपण शिकवलं. आज त्यांच्यापैकी तिघी-चौघी मागच्या रांगेत बसल्या आहेत. बायांनो, मला तुमच्याकडे बघवत नाहीये.

मासे धरायच्या झोपडीत नेमकं काय ठरलं होतं, ते मला आत्ता पंधरवड्यापूर्वी कळलं. मी ज्या दिवशी रडत आले, त्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी नदीकाठी पुरुषमंडळी जमली होती. मासे बारीक कुटलेले, त्यात भाजलेल्या तांदळाचं कूट, मिरची, पुदिना, वर लिंबू. शेजारी दारू. आणि चर्चा माझ्याबद्दल. आमच्या ह्यांनी मला सगळं बोलणं सांगितलं, म्हणून मीही सांगते.

एकजण म्हणाला, "बाई आपल्यापायी रडली यार. आपल्याला लाजा वाटायला पाहिजेत."

दुसरा म्हणाला, "मग सोड खायचं."

"सोडतो की. आधी हे संपू दे."

"दरवर्षी असंच म्हणतोस तू."

मग थोंगदामभाऊ म्हणाले, "हे बघा, माशाचं काही आपल्याच्यानं सुटायचं नाही. बापजाद्यापासून खातोय. पण बाईला मान खाली घालायला लावायची नाही. एवढं तरी जमेल ना?" आणि जमलं. आपल्या गावात रस्त्यावर एकमत नाही, पाण्यावर नाही, जत्रेच्या वर्गणीवर तर नाहीच नाही. पण ह्या एका गोष्टीवर सगळ्या पुरुषांचं एकमत झालं. जो जो कच्चा मासा खातो, त्याने आपली डबी दुसऱ्याकडून भरून आणायची.

आणि दुसरे म्हणजे कोण? ज्यांनी आयुष्यात कच्चा मासा तोंडात घातला नाही, ते. अशी माणसं आपल्याकडे शोधावीच लागतात. विहारातल्या पांढऱ्या वस्त्रातल्या कामलाआजी, ज्या मासाच खात नाहीत. त्यांना सांगितलं गेलं, "आजी, तुमची प्रकृती नाजूक, तुमची जरा जास्त तपासणी करायचीय, एवढ्या डब्या भरा." बिचाऱ्यांनी भरल्या. मला भेटल्या की म्हणायच्या, "बाई, सरकार माझी किती काळजी करतं!" आज कळतंय, निम्म्या गावची तब्येत आम्ही कामलाआजींच्या पोटावरून ठरवली.

हसताय, हसा. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून हसले आणि मग मला थांबता येईना.

आता माझ्या घरचं सांगते. गेल्या महिन्यात भाचीचं लग्न होतं. वडीलधारे म्हणून आमच्या ह्यांच्या हातालाही नवरा-नवरीने पांढरा दोरा बांधला. मी शेजारीच बसले होते. दोरा पांढराशुभ्र आणि त्याखालचं मनगट हळद लावल्यासारखं. मी त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला. डोळे पिवळे. लग्नघरात सगळ्यांदेखत मी त्यांना विचारलं, "लघवीचा रंग कसा आहे?" हे म्हणाले, "अगं, इथे?" मी म्हटलं, "इथेच सांगा." ते म्हणाले, "काळ्या चहासारखा. बरेच दिवस झाले." अंगाला खाज सुटायची, तिला ते भाताचं कुसळ म्हणायचे. दाढी करताना कापलं की रक्त थांबायचं नाही, त्याला ते ब्लेड खराब म्हणायचे. आणि मी, जी शेजारच्या गावातल्या माणसाची कावीळ मोटारसायकलवरून जाताना ओळखते, मी त्यांना नवीन ब्लेड आणून दिलं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होते, फार अदबशीर. त्यांनी विचारलं, "यांच्या तपासणीत कधी जंत सापडले होते?" मी म्हटलं, "पूर्वी एकदा. पण आता चार वर्षं दरसाल तपासलंय, अगदी स्वच्छ. मी स्वतः काचेखाली बघितलंय." हे मी अभिमानाने सांगितलं, हं. डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, आम्ही नळी घातली तेव्हा पित्ताबरोबर जंत बाहेर आले. जिवंत." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते.

माझी आई डबा घेऊन आली होती. ती कोपऱ्यात बसून चिकट भाताची टोपली उघडत होती. ती खाली मान घालून म्हणाली, "पोरी, ती डबी माझी होती."

मी म्हटलं, "कोणती?"

"सगळ्याच. दरवर्षी माझीच."

"आई, तू? तुला काही कळतं का?"

"जावई तोंड उघडून काही मागतात कधी? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मागितलं, ते हे. नाही कसं म्हणू? म्हणाले, आई, तिची मान खाली जाता कामा नये."

माझ्या आईच्या तोंडात दात नाहीत, तिला सगळं उकडून लागतं. तिच्या पोटात काहीच नव्हतं. तिच्या नावाची डबी स्वच्छ, जावयाच्या नावाची डबीही स्वच्छ. मी काचेखाली दोनदा माझ्या आईलाच बघत होते आणि खूश होत होते.

किडा आत जाऊन काय करतो, हे तुम्ही माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्याआधी म्हणून दाखवाल. आज भोंग्यावरचं नाही सांगत, माझ्या माणसाच्या अंगातलं सांगते. कच्च्या माशातून तो पोटात जातो, तिथून पित्ताच्या नळीत चढतो आणि यकृतात घर करतो. वर्षानुवर्षं राहतो. नळीची भिंत सुजते, जाड होते, आत खरवडली जाते. गोळी घेतली की किडे मरतात, पण पुन्हा मासा, पुन्हा किडे, पुन्हा सूज. असं होत होत एक दिवस त्या नळीत गाठ धरते. मग पित्ताला वाट राहत नाही. ते आतड्यात उतरायचं, ते रक्तात मिसळतं. रक्त शरीरभर फिरतं, म्हणून डोळे पिवळे, कातडी पिवळी, खाज. आणि पित्त आतड्यात नाही, म्हणून रक्त गोठवायला लागणारं सत्त्व अन्नातून अंगात भिनत नाही. तेच ते दाढीचं रक्त. ब्लेडला बिचाऱ्याला उगाच बोल लावला.

आमचे हे समोर तिसऱ्या रांगेत बसलेत. या उकाड्यात लांब बाह्यांचा सदरा घातलाय. सदऱ्याखाली नळी आहे आणि नळीच्या टोकाला पिशवी आहे. पित्त त्यात उतरतंय. रक्त जरा ताळ्यावर यावं म्हणून इंजेक्शनं चालू आहेत. सोमवारी ऑपरेशन आहे. यकृताचा अर्धाअधिक भाग काढायचा आहे. निघेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "उघडल्यावर कळेल." मी इतकी वर्षं या कामात आहे. याचा अर्थ मला समजावून सांगावा लागत नाही.

गाठ काही चार वर्षांची नाही, हे मलाही कळतं. लहानपणापासूनचं खाणं आहे. पण ह्यांच्या डबीत अंडी सापडली असती, तर दरवर्षी सोनोग्राफी झाली असती. गाठ तेव्हा वाटाण्याएवढी असती, आणि आज मी आभाराचं भाषण करत असते. गोळ्या माझ्याच कपाटात होत्या. किल्ली माझ्या कमरेला होती. हे रोज रात्री माझ्या शेजारी झोपत होते आणि मला लाज वाटू नये म्हणून किडे पोसत होते. माझ्यावर कुणी एवढं प्रेम करावं आणि ते असं करावं, याचं काय करायचं ते मला अजून समजत नाही.

थोंगदामभाऊ काल ओट्यावर बसून रडले. त्यांचा धाकटा भाऊ गेल्या पावसाळ्यात पोट फुगून गेला. सगळे म्हणाले, दारूने गेला. मीही तसंच म्हटलं, कारण त्याची डबी स्वच्छ होती. काल भाऊ म्हणाले, "त्याची डबी मीच विहारातून भरून आणली होती, बाई." भाऊ, हे मी तुम्हाला विचारून सांगतेय. तुम्ही हो म्हणालात. 

साहेब, म्हणून ही ढाल परत घ्या. मी ती खुर्चीखाली ठेवली आहे, वर ठेवायला धजावले नाही. वरच्या कार्यालयात तुम्हाला हे सांगणं जड जाईल, मला कल्पना आहे. तुमच्या अहवालात आमचं गाव पहिलं आहे. पण तुमच्या आधीच्या साहेबांनी एका बाईला उभं केलं, तेवढ्याने अख्ख्या गावाने खरं सांगायचं सोडून दिलं. उद्यापासून माझ्या जागी ही नवी मुलगी बसेल, सिरिमा. हिच्या डब्यांत या आठवड्यात ढीगभर अंडी निघणार आहेत. तेव्हा हिला उभं करू नका. हिला खुर्ची द्या, पाणी द्या आणि गोळ्या जास्त पाठवा.

बायांनो, तुम्ही हसू नका. ठरवलं पुरुषांनी, पण घरात मासा कुटून कोण देतं? आज सकाळी मी या मंडपामागच्या स्वयंपाकात गेले होते. केळीच्या पानाखाली एक पातेलं झाकलेलं होतं. माझ्या निरोपाला! मी विचारलं, "हे काय?" तर म्हणे, "बाई, पाहुण्यांसाठी नाही, आपल्याच माणसांसाठी थोडंसं." आपल्याच माणसांसाठी! ते पातेलं मी स्वतः चुलीवर चढवलं. जेवणात जो मासा येईल तो जास्त शिजलाय, चिवट झालाय. चावून खा.

दाराशी टेबलावर डब्या मांडल्या आहेत. नावं कुणाचीच घातलेली नाहीत, आपापली तुम्हीच लिहा. जाताना एकेक उचला आणि सकाळी...

अगं आई, तू कुठे निघालीस? बस खाली. तुझी नको, तुझी आम्ही चार वर्षं बघितली. बसवा गं तिला कुणीतरी.

अहो... तुम्ही उभे राहू नका. तुम्हाला मी उभं करणार नाही, असं म्हटलं होतं ना? पिशवी ओढली जाईल. बरं. बरं, राहा उभे. मंडळी, हे म्हणताहेत की त्यांना बोलायचं नाही, नुसतं दिसायचं आहे. सदऱ्याचं बटण काढताहेत. बघा. तोंड फिरवू नका कुणी. नदीकाठी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसणारे सगळे इथे आहात, बघा. हा रंग उन्हाचा नाही.

बसा आता. पाणी द्या रे त्यांना.

आपण एवढा वेळ उन्हात ऐकून घेतलंत, भन्तेजी शेवटपर्यंत थांबले, साहेबांनी चहा न पिता ऐकलं, दवाखान्यातल्या मुलींनी माझी चिडचिड इतकी वर्षं सोसली, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, भन्तेजींसमोर नको ते शब्द गेले असतील, तर पदरात घ्या.

भाषण संपल्यावर तुम्ही माझ्याकडे येणार, हात जोडणार आणि म्हणणार, "बाई, आमचं चुकलं." येऊ नका. मी मनाने तेवढी मोठी नाही. माझ्यासाठी केलंत, हे मला कळतं, आणि म्हणूनच तुमच्यावर रागावताही येत नाही आणि माफही करता येत नाही. सोमवार जाऊ दे. हे घरी आले, तर सगळे जेवायला या, मीच तुमची माफी मागेन. नाही आले, तर काही दिवस माझ्या दारावरून जाऊ नका.

डब्या मात्र उद्या सकाळीच आणा. स्वतःच्या.